पाच वर्षं फिजिक्सच? त्यात असतंय तरी काय?

मागच्या श्रावणात खानापूरला आक्काकडं गेलो होतो. भाचा सेकंड पीयूसी सायन्सला, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या बारावीला, मार्क बरे पडतात, आणि त्यानं घरात जाहीर करून टाकलेलं की मला इंजिनिअरिंग नको, फिजिक्स करायचंय. आमच्या बेळगाव भागात असं काही बोललं की आधी सगळे गप्प होतात आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात. व्हीटीयू या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं मुख्य ऑफिसच आमच्याकडं, गल्लीगल्लीत दोन-दोन इंजिनिअर, उद्यमबागला फाउंड्र्या, त्यामुळं पोरगा हुशार निघाला म्हणजे सीईटी द्यायची आणि इंजिनिअर व्हायचं हे त्याच्या बारशालाच ठरलेलं असतंय. आक्का बाजूला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, ती एवढंच म्हणाली, "इंटिग्रेटेड का काय ते म्हणतोय हा. पाच वर्षं फिजिक्सच? एकच विषय पाच वर्षं शिकायला त्यात असतंय तरी काय रे?"

मी स्वतः तेच करून आलोय. तरी त्या दिवशी दिलेलं उत्तर अगदी बेकार होतं. क्लासिकल मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, क्वांटम, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स अशी विषयांची नावं घेतली, किराण्याची यादी वाचल्यासारखी, आणि आक्कानं "बरं" म्हणून पुढची शेंग घेतली. तर आता नीट सांगायचा प्रयत्न करतो.

आधी ते इंटिग्रेटेड काय प्रकरण आहे ते उरकू. नेहमीचा रस्ता म्हणजे बीएस्सी करा, मग परत एंट्रन्स द्या आणि दोन वर्षं एमएस्सी करा. इंटिग्रेटेडमध्ये बारावीनंतर एकदाच आत जायचं आणि पाच वर्षांनी मास्टर्स घेऊनच बाहेर यायचं. मधली एंट्रन्स नाही, कॉलेज बदलायची धावपळ नाही, आणि मुख्य म्हणजे शेवटचं जवळजवळ सगळं वर्ष रिसर्चला मिळतं. आपल्या कर्नाटकात डिग्री आधी तीन वर्षांची होती, २०२१ ला चार वर्षांची केली, २०२४ ला परत तीनवर आणली, त्या गोंधळाशी हे इंटिग्रेटेड शिकवणाऱ्या केंद्राच्या संस्थांचा काही संबंध नाही, तिथं इंटिग्रेटेड मास्टर्स म्हणजे पाच वर्षं.

आता मुख्य प्रश्न. पाच वर्षं काय शिकतात? माझं उत्तर असं आहे की झोका शिकतात. चेष्टा नाही. आक्काच्या परसात चिंचेला नागपंचमीचा झोका बांधलेला होता, तोच घेऊ.

पीयूसीत तुम्ही शिकता की झोक्याला एकदा जाऊन यायला किती वेळ लागतो ते दोरीच्या लांबीवर ठरतं. एक मीटर दोरीला साधारण २ सेकंद, चार मीटर दोरीला ४ सेकंद. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट. आणि गंमत म्हणजे झोक्यावर कोण बसलंय याचा त्यात हिशेबच नाही, बारकं पोर बसू दे नाहीतर ऐंशी किलोचे भावजी बसू देत, वेळ तेवढाच. सूत्र पाठ करायचं, आकडे टाकायचे, दोन मार्क खिशात.

इंटिग्रेटेडच्या पहिल्या वर्षी पहिल्यांदा कळतं की ते सूत्र पूर्ण खरं नव्हतंच. ते फक्त छोट्या झोक्याला चालतं. दोरी उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत नेली तर वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चार सेकंदांच्या जागी ४.३. पीयूसीत आपण गुपचूप एक गृहीत धरलेलं असतं, की कोन लहान आहे म्हणून त्याची साइन आणि तो कोन स्वतः एकच समजू, आणि ते गृहीत धरलंय हे कुणी मोठ्यानं सांगितलेलं नसतं. पहिल्या वर्षाचं निम्मं फिजिक्स मला तर हेच वाटलं, आधी जे शिकलो त्यात कुठं कुठं काय गृहीत धरलेलं ते शोधून काढायचं. यात भल्याभल्या रँकवाल्यांची पण पंचाईत होते कारण त्यांना उत्तर पटकन काढायची सवय असते आणि इथं सर विचारतात की हे उत्तर कधी चुकेल ते सांग.

लॅबचं तर विचारूच नका. पीयूसीला लॅबमध्ये लंबकावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा प्रयोग असतो, आणि आम्ही सगळ्यांनी तो कसा केला ते आम्हालाच माहीत, उत्तर ९.८ यायचं हे आधीच ठाऊक म्हणून रीडिंगं मागून जुळवायची आणि रेकॉर्ड बुकात सुबक अक्षरात लिहायची. इंटिग्रेटेडला तोच प्रयोग परत आला आणि मी मोठ्या ऐटीत ९.८ लिहून दिलं, तर मॅडमनी वहीवर फुली मारून विचारलं, "किती चुकलंय?" मी म्हटलं काहीच चुकलं नाही की. तर त्या म्हणाल्या मग हे मापन नाही, ही नक्कल आहे.

का ते बघा. एक मीटरचा लंबक, एकदा जाऊन यायला २ सेकंद. तुमचं बोट स्टॉपवॉचवर ०.२ सेकंद तरी मागंपुढं होणारच. म्हणजे दोनात ०.२, सरळ १० टक्के चूक, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळं उत्तरात ती दुप्पट होऊन २० टक्के. आता एकाच्या ऐवजी सलग वीस झोके मोजा. एकूण ४० सेकंद, बोटाची चूक मात्र तेवढीच ०.२, म्हणजे अर्धा टक्का, उत्तरात एक टक्का. यंत्र तेच, बोट तेच, नुसतं वीस मोजले म्हणून माप वीसपट सुधारलं. आकड्याच्या बरोबर "इतका इकडं-तिकडं" हे लिहिल्याशिवाय आकड्याला किंमत नाही हे माझ्या डोक्यात त्या फुलीनं बसलं, आणि अजून पेपरात कुठलाही सर्व्हे वाचला की मी पहिलं तेच शोधतो.

दुसऱ्या वर्षी झोका परत येतो, पण या वेळी दोन झोके. एकाच फांदीला शेजारी शेजारी दोन झोके बांधलेले तुम्ही बघितले असतील. फांदी जरा लवचिक असली तर एक मजा होते. एकच झोका हलवून सोडायचा, दुसरा स्थिर. थोड्या वेळानं दुसरा आपोआप हलायला लागतो, पहिला मंद होत होत जवळजवळ थांबतो, आणि मग परत उलटं. फांदीतून एकाची ताकद दुसऱ्यात जाते आणि परत येते. हे नुसतं बलं मांडून सोडवायला गेलात तर वहीची पानं संपतात. इथं मग लाग्रांज या गणितज्ञाची पद्धत शिकवतात, १७८८ ची, म्हणजे कुठं कुणी किती ओढलं हे न बघता फक्त ऊर्जेचा हिशेब ठेवायचा आणि त्यातून सगळी समीकरणं पडतात. आणि मॅट्रिक्स, जे पीयूसीत कशाला शिकतो म्हणून आपण कंटाळलेलो असतो, ते इथं कामाला येतं. त्यातून कळतं की ही दोन झोक्यांची गुंतागुंत म्हणजे खरं तर दोनच साध्या हालचालींची भेसळ आहे, एक दोघं बरोबर हलायची, दुसरी दोघं एकमेकांच्या उलट हलायची. बाकी जे काय दिसतं ते या दोघांचं मिश्रण.

मला सगळ्या डिग्रीत आवडलेली गोष्ट ही. गुंता वाटणाऱ्या वस्तूत साध्या चाली किती आहेत ते विचारायचं, आणि ते एकदा सुचलं की अर्धं काम झालं.

त्याच सुमाराला विजेच्या विषयात तेच समीकरण वेगळे कपडे घालून येतं. तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर, म्हणजे वीज साठवायचा भाग, जोडला की करंट झोक्यासारखा मागंपुढं होतो. झोक्याला जसं वजन तसं इथं वेटोळं, आणि फांदीकडं परत ओढणारा जो जोर तो इथं कपॅसिटर. आजोबांचा जुना रेडिओ आठवा, बटण फिरवत फिरवत आकाशवाणी सांगली सोडून धारवाड लावायचे ना, ते बटण म्हणजे आतल्या विजेच्या झोक्याचा वेग बदलायचं होतं. धारवाडच्या लाटेशी वेग जुळला की तो झोका मोठा होतो आणि आवाज येतो. वेळ जुळवून ढकललं तरच झोका उंच जातो, हे तर नागपंचमीला ढकलणाऱ्या कुठल्याही पोरीला माहीत असतं.

आता तिसरं-चौथं वर्ष, आणि इथं गोष्ट खरंच विचित्र होते, पण उद्यमबागच्या फाउंड्रीवरून गेलो तर सोपी आहे. एक ग्रॅम लोखंड एक डिग्रीनं तापवायला ०.४५ ज्यूल उष्णता लागते. तांब्याला ०.३९. अॅल्युमिनियमला ०.९०, म्हणजे लोखंडाच्या दुप्पट. आकड्यांत काही ताळमेळ दिसत नाही. पण वजन सारखं घ्यायच्या ऐवजी अणूंची संख्या सारखी घ्या, म्हणजे लोखंड ५६ ग्रॅम, तांबं साडेत्रेसष्ट, अॅल्युमिनियम २७. आता गुणा. तिघांचंही उत्तर २४-२५ ज्यूल. ड्यूलाँ आणि पेती या दोन फ्रेंच लोकांनी हे १८१९ मध्ये पकडलं. कारण परत झोकाच. धातूतला प्रत्येक अणू शेजारच्यांना जणू स्प्रिंगांनी बांधलेला आहे, आणि झोक्याला जसं कोण बसलंय याचं सोयरसुतक नसतं तसं इथं पण अणू जड का हलका याचा फरक पडत नाही, उष्णतेचा वाटा प्रत्येक झोक्याला सारखा.

सगळं छान जमलं, फक्त हिरा आडवा आला. तेवढेच अणू असलेल्या हिऱ्याला खोलीच्या तापमानाला २५ च्या ऐवजी जेमतेम ६ ज्यूल लागतात. कितीतरी वर्षं याचं धड उत्तर कुणाकडं नव्हतं. १९०७ मध्ये आइनस्टाईननं ते दिलं, आणि त्यासाठी त्याला म्हणावं लागलं की झोका हवा तेवढा लहान-मोठा हलूच शकत नाही, त्याच्या ऊर्जेला पायऱ्या असतात. उतारावरून माणूस कुठंही थांबू शकतो, जिन्यावर मात्र या पायरीवर नाहीतर त्या, मध्ये उभं राहता येत नाही. आणि झोका जितका जलद, पायरी तितकी उंच. हिऱ्यातला कार्बन हलका, बांधलेला घट्ट, म्हणून त्याचा झोका फार जलद, म्हणून पायरी इतकी उंच की खोलीतली ऊब पहिल्याच पायरीवर चढायला अपुरी पडते. बहुतेक अणू तळालाच बसून राहतात आणि उष्णता घेतच नाहीत. लोखंडाचे झोके संथ, पायऱ्या ठेंगण्या, ते आरामात चढतात.

मग चिंचेच्या झोक्याला पायऱ्या का दिसत नाहीत? गणित करून बघा, आम्हाला परीक्षेत आलेलं. चार सेकंदांचा झोका, त्याची एक पायरी म्हणजे एका ज्यूलचे एकावर चौतीस शून्यं एवढे तुकडे करून त्यातला दीड-पावणेदोन तुकडा. वीस किलोचं पोर अर्धा मीटर वर गेलं तर सुमारे १०० ज्यूल झाले. म्हणजे त्या पोराच्या खाली सहावर पस्तीस शून्यं इतक्या पायऱ्या आहेत. इतक्या बारीक पायऱ्यांचा जिना म्हणजे उतारच की. या पायऱ्यांचंच नाव क्वांटम. क्वांटम म्हणजे काहीतरी मंत्र-तंत्र, देवाचं रहस्य असलं जे व्हॉट्सअॅपवर फिरत असतं ना त्यापेक्षा हा हिशेब मला कितीतरी भारी वाटतो, पायऱ्या आपल्या झोक्यालाही आहेत, फक्त मोजण्यापलीकडं बारीक.

आणि एक, क्वांटमचा झोका पूर्ण थांबत नाही. सगळ्यात खालच्या पायरीवरसुद्धा अर्ध्या पायरीएवढी ऊर्जा शिल्लक राहते. हे का, ते समजायला मला एक सेमिस्टर आणि एक बॅकलॉग लागला, इथं चार ओळीत सांगितलं तर खोटं सांगितल्यासारखं होईल.

पाचव्या वर्षी थिसिस. म्हणजे एका सरांच्या हाताखाली एकच बारका प्रश्न घेऊन वर्षभर बसायचं, ज्याचं उत्तर पुस्तकात मागं दिलेलं नाही. बाहेरून फार मोठं वाटतं पण दिवस बहुतेक कोडमधली चूक शोधण्यात नाहीतर पंप का गळतोय हे बघण्यात जातात. आमच्या बॅचमधला एकजण तर व्हॅक्यूम पंपाचा एवढा जाणकार झाला की आम्ही त्याला मिस्त्रीच म्हणायचो. पण मोठ्या कामाचा तुकडा असतो तो. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच येणाऱ्या लाटा, पकडणारी लायगो ही अमेरिकेतली यंत्रणा घ्या, चार-चार किलोमीटर लांब दोन भुजा, १४ सप्टेंबर २०१५ ला तिनं पहिल्यांदा लहर पकडली. तिच्यातले आरसे प्रत्येकी ४० किलोचे, आणि ते ठेवलेत कसे माहितीय? टांगलेत. झोक्याला झोका, त्याला झोका, असे चार मजली. कारण झोक्याची दोरी वरून धरून भराभर हलवली तर खालची फळी जागची हलत नाही, करून बघा. जमीन ट्रकनं थरथरते, रेल्वेनं थरथरते, ती थरथर चार झोक्यांतून गळत गळत आरशापर्यंत पोचतच नाही. तसलंच यंत्र आता महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. त्याला पोरं लागणारच आहेत.

आता आक्कासारख्यांच्या कामाचं, भरभर. आयसर, म्हणजे हे पाच वर्षांचं शिकवणाऱ्या केंद्राच्या विज्ञान संस्था, सात आहेत, पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेरहामपूर. आपल्याला पुणं जवळ, रात्री बेळगावहून बसलं की सकाळी तिथं. त्यांची परीक्षा आयएटी, ६० प्रश्न, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायॉलॉजी प्रत्येकी १५, बरोबरला ४ मार्क, चुकलं की एक वजा. बायॉलॉजी सोडलेल्या पोरांनी घाबरून फॉर्मच न भरणं हा मूर्खपणा आहे, बाकी पंचेचाळीस आहेत की. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिन्याला असलेलं सेब्स या पण तसल्याच संस्था, त्यांची परीक्षा नेस्ट. बेंगळुरूच्या आयआयएस्सीचं मूळ चार वर्षांचं आहे, पाचवं वर्ष घेतलं तर मास्टर्स. हैदराबाद युनिव्हर्सिटीतही इंटिग्रेटेड आहे. आणि यातलं काही नाही मिळालं तरी बेळगावात बीएस्सी करून धारवाड, राणी चन्नम्मा किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एमएस्सी हा रस्ता काय बंद झालेला नाही, त्या रस्त्यानं गेलेले चांगले लोक मला भेटलेत.

पैशाचं म्हणाल तर इन्स्पायर ही केंद्राची स्कॉलरशिप आहे, वर्षाला ८०,००० ची. पुढं पीएचडीला नेट-जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० पासून सुरुवात. पीएचडी नको असेल तर डेटाची कामं, सॉफ्टवेअर, टीचिंग आहे, पण शाळेत शिकवायचं तर बीएड वेगळं करावं लागतं हे आधी कुणी सांगत नाही. इंजिनिअरसारखी कॅम्पसला कंपनी येईल आणि घेऊन जाईल अशी आशा मात्र धरू नका, तसं फार कमी होतं.

भाषेचं एक सांगतो, कारण आपल्या भागात हे दुखणं खरं आहे. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी मीडियम, शाळेत वर कन्नड, आणि पीयूसीत एकदम सगळं इंग्लिश. मी पहिल्या वर्षी वर्गात हात वर करायचो नाही, प्रश्न मनात मराठीत तयार व्हायचा आणि त्याचं इंग्लिश करेपर्यंत सर पुढच्या बोर्डावर. मग एका तमिळ मित्रानं सांगितलं की तो पण असाच गप्प बसतो. तेव्हापासून आम्ही दोघं मोडक्या इंग्लिशमध्ये एकमेकांना शिकवायला लागलो, आणि समीकरण लिहिलं की भाषा निम्मी कमी लागते हे ध्यानात आलं.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. त्याला म्हटलं सूत्रानं वीस झोक्यांना ८० सेकंद यायला पाहिजेत, दोरी नीट चार मीटर आहे का टेपनं मोज आणि करून बघ, कोन लहान ठेव. संध्याकाळी मेसेज आला, "मामा दोरी बरोबर ४ मीटर, पण वीस झोके ७८ सेकंदात. तीनदा केलं, तेवढंच येतंय." मी सूत्र उलटं फिरवलं तर ७८ ला दोरी यायला पाहिजे ३.७८ मीटर. म्हणजे बावीस सेंटीमीटर दोरी कुठंतरी गायब. त्याला तेच कळवलं आणि विचारलं, बसून मोजलंस की उभं राहून? बसून, म्हणाला. म्हटलं आता फळीवर उभं राहून मोज.

अर्ध्या तासानं परत मेसेज, "उभं राहून ७१!! दोरी तीच आहे की मामा, असं कसं?" खाली आक्काचा पण व्हॉइस मेसेज, अंधार पडला तरी हा झोक्यावरून उतरत नाही, काय सांगितलंयस रे ह्याला.

मी त्याला लिहिलं, टेप घे आणि फळीपासून तुझ्या बेंबीपर्यंत मोज.